विहीर कुठल्या अंगाला

जसोंडीच्या सुपडूला आपल्या नजरेचा भारी गर्व होता. केळीच्या बागेतून नुसती एक चक्कर मारून तो कुठला घड किती भरेल ते सांगायचा, आणि बऱ्हाणपूर स्टेशनावर वॅगन भरताना काटा बहुतेक वेळा त्याचंच म्हणणं खरं करायचा. बैल असो, जमीन असो की सोयरीक, आपल्याला सगळं एका नजरेत कळतं असं तो धरून चालला होता. अशा माणसाच्या नजरेतून एखादी गोष्ट सुटली, तर ती त्याला डोळ्यांत बोट घालून दाखवावी लागते. तेवढी हिंमत असलेलं घरात कुणी नव्हतं. लेक विमल लहान असतानाच बायको भागाबाई वारली. त्यानंतर घरात बाप आणि लेक, दोघंच.

विमल सतरा वर्षांची झाली होती. हातानं चलाख, पण पायानं धांदरट असं गावानं तिचं नाव पाडलं होतं. अंगणात कुणी बादली जागची हलवली की हिचा पाय बादलीत. एकदा तर भर दिवसा, बाजूला बांधलेल्या वासराच्या अंगावर जाऊन पडली. सुपडू पोट धरून हसला होता तेव्हा. पोरीचं ध्यान आभाळात, म्हणाला. पण डाळ निवडायला बसली की मोहरीएवढा खडा तिच्या हातून सुटायचा नाही, म्हणून डोळ्यांबद्दल शंका यायचं कारणच नव्हतं. दिवस मावळायच्या आत तिचं पाणी भरलेलं असायचं, भाकरी थापलेल्या असायच्या, आणि अंधार पडला की ती चुलीजवळची जागा सोडायची नाही. सुपडूला हे चांगल्या वळणाचं लक्षण वाटे. तिन्हीसांजेला गावभर हिंडणाऱ्या पोरींची नावं घेऊन तो तिचं कौतुक करायचा.

मागं एकदा तिनं घराच्या दारापासून विहिरीपर्यंत दोरी बांधून मागितली होती. कपडे वाळत घालायला, म्हणाली. त्यानं बांधून दिली. पुढं बैलाचं शिंग त्या दोरीत अडकलं, तशी त्यानं ती सोडून टाकली आणि कपडे कुंपणावर टाकत जा म्हणून सांगितलं. 

सुपडूची धाकटी बहीण गोदाबाई तापीपलीकडं जैनाबादला दिलेली. ते साटंलोटं होतं. गोदा उखर्डूच्या घरी गेली, आणि उखर्डूची बहीण भागाबाई सुपडूच्या घरी आली. उखर्डूची आई तरी कुठली परकी? सुपडूची सख्खी आत्याच ती. मुली याच दोन घरांतून त्याच दोन घरांत जात आल्या होत्या, आणि घरातली पोर घरातच राहिली म्हणून सगळे खूश असत. उखर्डू लग्नाच्या वेळी संध्याकाळचा जरा चाचपडायचा, एवढंच. मग दिवसाही ठेचकाळायला लागला, आणि चाळिशी आली तोवर पार आंधळा झाला. त्याच्या आजोबांचंही असंच झालं होतं. त्या घरात पुरुषांचे डोळे जातात, असं सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं, आणि ठरवून टाकल्यावर त्यावर आणखी विचार कोण करतो?

विमल जन्मली तेव्हा गोदाबाईनं तिच्या हातात चांदीचा वाळा घालून तिला आपल्या लीलाधरसाठी मागून ठेवलं होतं. भावाच्या लेकीवर बहिणीचा पहिला हक्क असतो. सुपडूनं तेव्हा आनंदानं मान हलवली होती.

छप्पन साली नागपूरचं राज्य जाऊन भोपाळचं आलं, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात लग्नाचं बोलणं पुन्हा निघालं. लीलाधर आता बापाच्या वळणावर चालला आहे, अशी कुजबुज सुपडूच्या कानावर आली होती. त्यानं काय करावं? भाच्याला घरी बोलावलं, दुपारच्या उन्हात ओट्यावर बसवलं आणि हातात सुई-दोरा दिला. लीलाधरनं पहिल्या फटक्याला दोरा ओवला. सुपडूचं समाधान झालं. तरी लोकांचं तोंड बंद व्हावं म्हणून तो भाच्याला बऱ्हाणपुरात मधुकर डॉक्टरांकडं घेऊन गेला. हे डॉक्टर डोळ्यांचं शिक्षण नागपूरला घेऊन आले होते, आणि दवाखान्यावरची त्यांची मराठी पाटी नुकतीच पुसून कुणीतरी हिंदीत रंगवत होतं.

डॉक्टरांनी डोळ्यांत औषध घातलं, खोलीच्या खिडक्या लावल्या आणि एका दांडीच्या भिंगातून लीलाधरच्या डोळ्यांत बराच वेळ पाहिलं. मग त्याला नाकासमोर बघायला लावून त्यांनी आपलं बोट कानाकडून हळूहळू पुढं आणलं. बोट जवळजवळ नाकासमोर आलं तेव्हा कुठं पोरगा म्हणाला, दिसलं.

सुपडू म्हणाला, पण हा सुई ओवतो.

"ओवणारच," डॉक्टर म्हणाले. "सुई ओवायची जागा त्याची अजून शाबूत आहे."

त्यांनी कागदावर एक मोठं वर्तुळ काढलं. डोळ्याच्या आत, मागच्या बाजूला एक पातळ पडदा असतो, म्हणाले, बाहेरचं सगळं त्याच्यावर उमटतं. पडद्याच्या मधोमध त्यांनी छोटा ठिपका दिला. वाचणं, रंग, माणसाचा चेहरा, सुईचं नाक, हे सगळं काम एवढ्याशा ठिपक्याचं. त्याच्या भोवतीचा, पार कडेपर्यंत पसरलेला भाग वेगळा. आजूबाजूला काय आहे, पायाखाली काय आहे, आणि उजेड कमी झाला की वाट कुठं आहे, हे त्या भागानं सांगायचं. लीलाधरच्या पडद्याची कड मेलेली होती. भिंगातून तिथं शाई शिंपडावी तसे काळे डाग दिसत होते आणि रक्ताच्या शिरा सुकून दोऱ्यासारख्या झाल्या होत्या. हे मरण कडेकडून आत सरकत जातं, डॉक्टर म्हणाले, आणि सगळ्यांत शेवटी ठिपका गाठतं. तोवर माणूस सुई ओवतो आणि म्हशीला धडकतो, आणि लोक म्हणतात सोंग करतो.

सुपडू कागदाकडं बघत राहिला. केळीचं पान असंच जातं. कडेनं करपायला लागतं आणि करपत करपत आत येतं, मधल्या दांड्याजवळची हिरवाई शेवटपर्यंत टिकते, आणि ज्याला बागेतलं कळत नाही तो म्हणतो पान अजून हिरवं आहे. हे त्यानं बोलून दाखवलं. डॉक्टरांनी मान डोलावली. अगदी असंच, म्हणाले. औषध विचारलं तर नाही म्हणाले. नागपूरला त्यांचे गुरुजी होते, चिठ्ठी देतो म्हणाले, पण तेही हेच सांगतील.

मग त्यांनी नात्याची विचारपूस केली. कोण कुणाची मुलगी, कोण कुणाच्या घरी दिलेली. सुपडू अभिमानानं सांगत गेला आणि डॉक्टरांचा चेहरा उतरत गेला.

"या दुखण्याचं बी दोन्ही घरांत आहे," ते म्हणाले. "एकाच घरातून आलं तर झोपून राहतं, दोन्हीकडून आलं की उगवतं. तुमची मुलगी याला देऊ नका. आणि तिलाही एकदा माझ्याकडं आणा. मला तिचे डोळे बघू द्या."

सुपडूला हसू आलं. तिला कशाला, म्हणाला, ती मोहरीएवढा खडा डाळीतून वेचते. डॉक्टर थकल्यासारखे त्याच्याकडं बघत राहिले. हाही सुई ओवतो, एवढंच बोलले. सुपडू म्हणाला, आमच्याकडं बायकांना हे होत नाही. आणि उठला. आता सांगा, ज्यानं आत्ताच सगळा पडदा समजून घेतला, वर केळीच्या पानाचा दाखला दिला, त्याला ते पान आपल्याच दारात दिसू नये याला काय म्हणावं? भाच्याच्या डोळ्यांची गोष्ट त्याला लख्ख समजली होती. लेकीपर्यंत ती पोचलीच नाही.

औषधानं लीलाधरचे डोळे दिपले होते. मामाच्या खांद्यावर हात ठेवून तो नदीपर्यंत गुपचूप चालत आला. त्या हाताचं ओझं सुपडूला नकोसं झालं होतं. हाच हात उद्या विमलच्या खांद्यावर असेल, जन्मभर, असं त्याच्या मनात आलं, आणि नाव तापीच्या पलीकडं लागली तोवर त्याचा निश्चय झाला होता.

गोदाबाईच्या घरात सगळीकडं दोऱ्या होत्या. दारापासून विहिरीपर्यंत, विहिरीपासून गोठ्यापर्यंत, कमरेच्या उंचीवर घट्ट ताणलेल्या. उखर्डू त्यांवर दोन बोटं टेकवून काठीशिवाय हिंडायचा. तांब्या जिथला तिथं, पाट जिथला तिथं. वाटेत काही ठेवलं तर गोदाबाई सोडायची नाही कुणाला. विमल दिवाळीला इथं यायची तेव्हा एकदाही धडपडायची नाही. आत्याच्या धाकानं पोरगी सुधारते, असं सुपडू म्हणायचा.

त्यानं डॉक्टरांचं सगळं बोलणं बहिणीला सांगितलं. लग्न केलं तर पोरं आंधळी निपजतील, म्हणाला. गोदाबाई ऐकत होती. लेकाचं जे व्हायचं ते तिला नवं नव्हतं, नवऱ्याबरोबर ते सगळं ती एकदा जगून बसली होती. पोरं झाली नाहीत तरी चालेल, ती म्हणाली, पण विमल मला दे. त्यानं पुन्हा समजावलं. तिनं पुन्हा तेच मागितलं. तिसऱ्यांदा तिनं त्याचा हात धरला.

"भाऊ, मी लीलाधरसाठी नाही मागू राहिली. तिच्यासाठी मागू राहिली. ती माझ्याच घरात नांदीन."

सुपडूचा पारा चढला. त्यानं हात झटकला.

"सरळ बोल ना. तुझ्या घरातल्या आंधळ्यांले धरून चालवाले एक माणूस पाह्यजे तुले. त्याच्यासाठी माझी डोळस पोर मागतं तू. माझी लेक काय आंधळ्याची काठी आहे?"

गोठ्याकडून येणारा उखर्डू दोरीवर बोटं ठेवून जागीच उभा राहिला. लीलाधर भिंतीशी बसला होता, त्यानं मान खाली घातली. गोदाबाईचा चेहरा पांढरा पडला. ती काहीतरी बोलणार होती, ओठ हलले तिचे, पण तिनं नवऱ्याकडं पाहिलं, लेकाकडं पाहिलं, आणि बोलणं गिळलं.

"बरं," ती म्हणाली. "तू मोठा डोळस. जाय."

पाण्याच्या घोटालाही न थांबता सुपडू परतला. संध्याकाळी विमल चुलीपुढं बसली होती. आपण तिला कशातून वाचवलं ते तिला कळायला नको? त्यानं सगळं तिखटमीठ लावून सांगितलं, आंधळ्याच्या काठीचं बोलणंसुद्धा. विमल फुंकणीनं विस्तव फुलवत होती. डॉक्टर आणखी काय म्हणाले, एवढंच तिनं विचारलं.

"तुलेबी आण म्हणे डोळे दाखवाले," सुपडू म्हणाला. "येडा आहे."

तो हसला. विमलही हसली. मग ती बराच वेळ फुंकत राहिली, विस्तव कधीचा पेटला होता तरी.

आता घाई होती. जैनाबादची सोयरीक मोडली हे पसरायच्या आत लेक उजवली पाहिजे. डोईफोडिया गावच्या दगा नावाच्या शेतकऱ्याचा मुलगा गजानन मध्यस्थानं सुचवला. सुपडू स्वतः जाऊन आला. जमीन काळी, कापूस खांद्याला लागणारा, बैलांच्या तीन जोड्या, घर पक्कं. पोरगा जंगलाच्या कडेला वाढलेला, अंगानं मजबूत, बोलायला कमी. एका नजरेत पसंत पडलं सगळं. दगानं आडून विचारलं, मुलीचा मामा आंधळा आहे म्हणे? सुपडू म्हणाला, ते त्या घरच्या पुरुषांचं दुखणं आहे, खात्री करून घ्यायची तर येऊन घ्या.

ते आले, दुपारी. दुपारीच बोलवा, असं विमलनंच सांगितलं होतं. चहापाणी झाल्यावर गजाननच्या आईनं कंबरेच्या पिशवीतून सुई काढली, बारीकशी, आणि पांढरा दोरा दिला. संशयाच्या घरात मुलगी बघायला जाताना सुई न्यायची, ही आपल्याकडची जुनी रीत. विमलनं सुई उजेडाकडं धरली आणि दोरा एकदाच पुढं केला. तो आरपार गेला. गजाननच्या आईनं तिच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. सुपडूची छाती फुगली. डॉक्टरांचा तो कागद, ते वर्तुळ, तो ठिपका, यातलं काही म्हणजे काही त्याला त्या वेळी आठवलं नाही.

मुहूर्त गोरजेचा निघाला. गुरं घरी येण्याच्या वेळी लग्न लावायचं हे दोन्हीकडं चालत आलेलं. विमलनं तेव्हा पुन्हा तोंड उघडलं. दुपारचा मुहूर्त घ्या ना बाबा, म्हणाली. त्यानं कारण विचारलं तर ऊन बरं असतं म्हणाली, माणसं दिसतात म्हणाली. ज्येष्ठातल्या दुपारी कोण लग्न लावतं, असं म्हणून त्यानं तिला गप्प केलं. दुसरी गोष्ट मात्र तिनं सोडली नाही. नवरीला मांडवात आणायचा मान मामाचा. झाल्या प्रकारानंतर सुपडू एखाद्या चुलत मामाला उभं करायच्या विचारात होता. विमल म्हणाली, उखर्डूमामाच पाहिजे, नाहीतर मी बाहेर येणार नाही. पोरीचं मन मोठं आहे, असं वाटून सुपडूचे डोळे भरून आले.

जैनाबादची माणसं आली. गोदाबाईनं भाचीसाठी लाल लुगडं आणलं होतं. भावाशी ती कामापुरतं बोलली. दुपारीच तिनं उखर्डूला घराच्या दारापासून मांडवापर्यंत पुन्हा पुन्हा चालवलं. पायरी कुठं, चर कुठं, मांडवाचा खांब कुठं, सगळं त्याच्या पायाखालून घालून घेतलं. विमल दारातून ते बघत होती.

दिवस मावळला. मांडवात गॅसबत्त्या लागल्या, आणि त्यांच्या भगभगीत उजेडापुढं घर ते मांडव यामधलं अंगण आणखीच काळं पडलं. ब्राह्मणानं हाक दिली. दारातून मामा आणि भाची बाहेर आले.

लोक आंधळ्या मामाकडं बघत होते. बिचारी नवरी मामाला कशी जपून आणते आहे, असं कुणी बाई शेजारणीला म्हणाली. सुपडू मांडवाच्या तोंडाशी उभा होता. त्याची नजर सहज खाली गेली. उखर्डूची चाल त्याला इतक्या वर्षांत पाठ झाली होती. पाऊल टाकायच्या आधी तो बोटांनी जमीन चाचपायचा, जमीन आहे अशी खात्री पटली की मग टाच टेकायचा. लाल लुगड्याच्या काठाखालून विमलची पावलं दिसत होती. तीही आधी बोटं टेकत होती आणि मग टाच. पायरीशी उखर्डू हलकेच थांबला, त्यानं तिचा हात जरासा खाली दाबला, आणि मग ती उतरली. चराशी त्यानं हात वर उचलला, आणि ती ओलांडून आली. तिचा चेहरा गॅसबत्तीकडं होता. डोळे सताड उघडे, आणि त्या डोळ्यांत कुणी नव्हतं. भाची मामाला आणत नव्हती. मामा भाचीला आणत होता.

 सुपडूला वासरू आठवलं, बादली आठवली, दिवस मावळायच्या आत थापलेल्या भाकरी आठवल्या. सोडून टाकलेली दोरी आठवली. सगळं समोर होतं, इतकी वर्षं. त्यानं खांब धरला.

अंतरपाट धरला गेला. मंगलाष्टकं सुरू झाली. थांबा, एवढा एक शब्द पुरे होता. तो म्हणाला असता तर काय झालं असतं? वऱ्हाड परत गेलं असतं, पोरीची गावोगाव बोंब झाली असती, आणि तिला मागणारं जगात जे एकच घर होतं, त्या घराच्या तोंडावर तो स्वतःच थुंकून आला होता. हे सगळं त्याच्या मनात आलं की नुसती मांडवभर माणसांची लाज वाटली, ते त्याचं त्यालाच पुढं कधी सांगता आलं नाही. इतरांनी अक्षता टाकल्या तशा त्यानंही टाकल्या.

अंतरपाट खाली झाला. विमलनं हार उचलला आणि तिचे हात हवेत अडले. समोर नुसती बत्तीची धग, नवरा कुठं आहे तिला समजेना. मागं उभ्या असलेल्या गोदाबाईनं तिच्या कोपराखाली दोन बोटं लावली आणि हात अलगद वळवला. हार गजाननच्या गळ्यात बरोबर पडला. वाजंत्री वाजली. त्या गलक्यात गोदाबाईनं भावाकडं पाहिलं, आणि त्याला समजलं आहे हे तिला समजलं.

पंगती उठल्यावर त्यानं तिला गोठ्यामागं गाठलं. तुला कधीपासून माहीत होतं, एवढंच तो विचारू शकला. गोदाबाई म्हणाली, ती बारा वर्षांची होती तेव्हापासून. दिवाळीत संध्याकाळची अंगणात आली, दोरी हाताला लागली, तशी दोरीला धरून हसत गोल गोल फिरली. आत्या, तुझं घर किती चांगलं आहे, म्हणाली.

"मग बोलली काहून नाही तू त्या दिवशी?"

"बोलली असती, अन् तू दिली नसती तर? माझ्या तोंडून एकदा निघालं असतं तर तिले कोणीच सून करून नेलं नसतं." तिनं पदरानं तोंड पुसलं. "मले वाटलं, भाऊ आहे, नुसतं मागितलं तर देईन."

सकाळी वऱ्हाड निघायच्या आधी विमल आतल्या खोलीत एकटी सापडली. सकाळच्या उजेडात ती त्याच्याकडं बघत होती, सरळ, त्याचा चेहरा तिला नीट दिसत होता. त्यानं विचारलं, माय, मला सांगितलं का नाहीस? 

"सांगणारच होती," विमल म्हणाली. "तुम्ही जैनाबादून आले त्या दिवशी. मग तुम्ही ते काठीचं बोलले."

तो खाली बसला. तिनंच त्याला हाताला धरून उठवलं, बाहेर माणसं आहेत म्हणाली.

बाहेर दगा बैल जुंपून घेत होता. सुपडू त्याच्याजवळ गेला. सगळं सांगून टाकायचं असं ठरवून गेला होता. दगानं त्याचा हात हातात घेतला आणि आमच्या बायका त्या सुईचं अजून कौतुक करत आहेत म्हणाला.  तिला संध्याकाळचं विहिरीवर पाठवू नका, एवढंच सुपडूनं कसंबसं म्हटलं. दगाला नवल वाटलं. त्यांच्याकडं ढोरं जंगलातून दिवस बुडताना येतात, आणि पाणी तेव्हाच शेंदावं लागतं. का बरं, त्यानं विचारलं.

"भित्री आहे जराशी," सुपडू म्हणाला.

दगा हसला. होईल सवय, म्हणाला.

विमल गाडीत बसली. गजानन पुढच्या गाडीजवळ होता. तिनं गाडीच्या कडेवर हात ठेवून बापाला जवळ बोलावलं. आता ती रडेल, असं त्याला वाटलं. ती रडली नाही. हळूच, कुणाला ऐकू जाऊ नये असं तिनं विचारलं:

"बाबा, तिथं विहीर कुठल्या अंगाला आहे?"

सुपडू त्या घरी जाऊन आला होता. जमीन त्यानं उकरून पाहिली होती, बैलांचे दात पाहिले होते, आढ्याचं लाकूड बोटांनी वाजवून पाहिलं होतं.

"डाव्या अंगाला," तो म्हणाला. "दारातून निघालं की डाव्या हाताले. गोठ्याच्या मागं."

विमलनं मान हलवली. डाव्या हाताले, गोठ्याच्या मागं, असं ती ओठांतल्या ओठांत घोकायला लागली, आणि ती घोकत असतानाच गाडी हलली.

गाड्या केळीच्या बागेआड गेल्या, धूळ खाली बसली, तरी सुपडू रस्त्यातच उभा होता. तो डोळे मिटून दगाचं घर आठवत होता. दार आठवलं, दारापुढची तुळस आठवली, बैलांच्या तीन जोड्या आठवल्या, गोठासुद्धा आठवला. विहीर काही केल्या आठवेना.